शाळेसाठी पैसा कुणाकडे मागावा?

या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झाले, नाटक झाले, सीमाभागातल्या मराठीवर तर अनेकदा झाले. यंदा मंडळाने मला शिक्षणाच्या कामासाठी कंपन्या आणि प्रतिष्ठाने यांच्याकडून अनुदान कसे मिळवावे यावर बोलायला सांगितले. मी कार्यवाहांना म्हटले, अहो, हा विषय हिशेबनिसाचा, तुमच्या व्यासपीठावर त्याचे काय काम? त्यांनी उलट विचारले, "डॉक्टर, आपल्या वाचनालयात दहा वर्षांखालचा शेवटचा सभासद कधी नोंदवला, सांगा बघू." मी गप्प बसलो आणि होकार दिला.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. बेळगाव जिल्ह्यात दवाखाना चालवतो आणि संध्याकाळी रोगी संपले की एका वसतिगृहाची आणि त्याला जोडलेल्या शिक्षणसंस्थेची खजिनदारी करतो. मागणीपत्रे लिहिणे, नकार वाचणे, कधीमधी होकार आलाच तर त्याचा हिशेब देणे, हे या खजिनदारीचे काम. तुमच्यापैकीही बरेचजण कुठल्यातरी शाळेच्या, वाचनालयाच्या, बालवाडीच्या समितीवर आहेत. म्हणून तुम्ही उद्या सकाळी असे पत्र लिहायला बसणार आहात असे धरूनच मी बोलतो.

आपल्याकडे शिक्षणासाठी मागण्याची परंपरा लहान नाही. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजला एका जैन कुटुंबात जन्मले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ती साताऱ्याला नेली. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, हे आपण शाळेत ऐकले आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मुष्टिफंड. घराघरातून मूठभर धान्य. ती मूठ देणाऱ्या बाईला आपले धान्य कुणाच्या पोटात जाते हे ठाऊक असे. पोरगा गावातलाच, पास झाला की नापास हे विहिरीवर कळे. तिला छापील अहवालाची गरज नव्हती.

दुसरे उदाहरण महर्षी कर्व्यांचे. १९१६ साली महिला विद्यापीठ काढताना त्यांनी रुपया-दोन रुपये देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे दार वाजवले. मग १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लागले. तिसरे, जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी ठेवलेला निधी. तो मोफत नव्हता. शिकायला कर्ज मिळे, ते फेडायचे, म्हणजे पुढच्याला मिळे. त्याच्या पहिल्या लाभार्थींत आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

मूठ, नाव आणि परतफेड. हे तिन्ही प्रकारचे पैसे आजही आपल्या गावांत आहेत. लग्नात, वर्षश्राद्धाला, आचार्यांच्या चातुर्मासात लोक देतात. वर्गखोलीवर आजोबांचे नाव घालून देतात. परदेशी गेलेला माजी विद्यार्थी, मला मिळाले तसे दुसऱ्याला मिळो, म्हणून देतो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत एक चौथा पैसा आला आहे, आणि त्याच्याकडे आपण जुन्याच तीन सवयींनी जातो. तिथे घोटाळा होतो.

हा चौथा पैसा २०१३ च्या कंपनी कायद्यातून आला. त्या कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटींची, किंवा उलाढाल १००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करायचे. कोणती कामे चालतात ती यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि तीत शिक्षण ठळकपणे आहे. सबंध देशात २०२२-२३ साली हा खर्च ३० हजार कोटींच्या घरात गेला. त्यातला साधारण एक तृतीयांश शिक्षणावर झाला. यालाच सगळे सीएसआर म्हणतात, मीही तेच म्हणेन.

आता माझा पहिला मुद्दा. सीएसआर हे दान नव्हे. आमच्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. तिथे देणाऱ्याचा भाव मोठा मानतात, घेणाऱ्याची पात्रताही पाहतात. कंपनीचा जो अधिकारी तुमच्यासमोर बसतो तो स्वतःच्या खिशातले देत नसतो. कायद्याने ठरवलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या कामावर लावण्यासाठी त्याला पगार मिळतो. त्याला भीती असते ती एकच, उद्या लेखापरीक्षणात कागद कमी पडला तर काय. ती भीती तुम्ही ओळखली की बोलणे सोपे होते. तिथे शाल-श्रीफळ नेऊ नका, 'आपल्यासारख्या दानशूरांनी' असे लिहू नका. मुलांना हात जोडून उभे करून त्यांचे फोटो तर मुळीच जोडू नका. तुम्ही याचक नाही. त्याला जे काम करून हवे आहे ते करणारी संस्था तुम्ही आहात.

मग असे देणारे शोधायचे कुठे? लोक मला मोठमोठ्या उद्योगसमूहांची यादी आणून दाखवतात. 'भारतातील शंभर देणगीदार' अशी कुणीतरी फिरवलेली. त्या यादीतल्या प्रत्येकाकडे रोज पत्रांचा ढीग पडतो. तुम्ही उलट दिशेने या. आपल्या तालुक्यातून सुरुवात करा. कायदा कंपनीला सांगतो, की जिथे तुमचे काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्या. म्हणजे बेळगावात अॅल्युमिनियमचा कारखाना आहे, हत्तरगीला विमानाचे भाग बनवणाऱ्यांची वसाहत आहे, उद्यमबागेत आणि आसपास ओतशाळा आहेत, साखर कारखाने तर बघाल तिकडे. यातल्या सगळ्या काही १३५ व्या कलमात बसत नाहीत. पण कोण बसते हे कळायला ओळख लागत नाही. प्रत्येक पात्र कंपनीला संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात सीएसआरचा तपशील द्यावा लागतो, संकेतस्थळावर आपले धोरण ठेवावे लागते. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर जिल्ह्यानुसार, विषयानुसार कुणी किती खर्च केला ते सापडते. एक रविवार दुपार घाला. नातू-नातीला शेजारी बसवा, त्यांना ते लवकर जमते.

हा अहवाल वाचताना तीन गोष्टी पाहा. मागच्या तीन वर्षांत शिक्षणावर नेमके कशाला दिले, वर्गखोल्यांना, शिष्यवृत्त्यांना की शिकवण्याला. स्वतः दिले की एखाद्या संस्थेमार्फत. आणि रक्कम खर्चायची राहून गेली का. ज्या कंपनीची वार्षिक जबाबदारी ५० लाखांपर्यंत आहे तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, निर्णय थेट संचालकच घेतात. छोट्या संस्थेसाठी अशीच कंपनी बरी. तिथे तुम्हाला माणूस भेटतो. मोठ्या ठिकाणी अर्ज संगणकात भरायचा असतो आणि नकारही संगणकच पाठवतो.

प्रतिष्ठानांचे थोडे निराळे असते. टाटा ट्रस्ट्स किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशन यांसारख्यांना मार्चअखेरीची तितकी घाई नसते. ते काम समजून घेतात, प्रश्न विचारतात, वर्षानुवर्षे एखाद्या जिल्ह्यात टिकून राहतात. पण त्यांचे स्वतःचे ठरलेले प्रदेश आणि विषय असतात. त्यांच्या विषयात आपले काम बसते का ते आधी पाहावे. बसत नसेल तर ओढून-ताणून बसवू नये. परदेशी पैशाबद्दल एकच वाक्य सांगतो. त्याला गृहमंत्रालयाची वेगळी नोंदणी लागते, ती नसताना लंडनच्या माजी विद्यार्थ्याने, तिथला नागरिक झाल्यावर, प्रेमाने पाठवलेले पन्नास पौंडसुद्धा संस्थेच्या खात्यात घेऊ नका.

आपली एक खास अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांना ठाऊक नसते. मुंबईचा देणारा विचारतो, धर्मादाय आयुक्तांचा दाखला कुठे आहे? आपल्याकडे संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा नोंदणी केलेल्या न्यासपत्रावर चालतात. तो दाखला आपल्याकडे नसतोच. हे पत्राच्या पहिल्या पानावरच लिहा, नाहीतर फाइल तिथेच थांबते. बंगळूरचा देणारा विचारतो, मराठी शाळा? कर्नाटकात? आणि मग एकतर वादाची भीती त्याच्या डोळ्यांत दिसते किंवा कुतूहल. दोन्ही वेळा सीमाप्रश्न काढून बसू नका. त्याला साधे सांगा, ही कर्नाटक शासनाची शाळा आहे, माध्यम मराठी आहे, मुले कन्नडही शिकतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांचे परवानगीपत्र सोबत जोडले आहे. ते पत्र खरोखर जोडा. सरकारी शाळेत काम करायचे तर शिक्षण खात्याची लेखी परवानगी लागते. शैक्षणिक जिल्हे आपल्याकडे दोन, बेळगाव आणि चिकोडी. निपाणीची फाइल घेऊन बेळगावच्या कचेरीत दिवस घालवू नका. शाळेची एसडीएमसीही सोबत असू द्या. अर्जाचा मसुदा इंग्रजीत, सोबत कन्नड सारांश. मराठीत आपापसांत बोलू.

कागदांचे भराभर सांगतो, कारण ते कोणताही सनदी लेखापाल सांगेल. आयकराची बारा-अ आणि ऐंशी-जी ही दोन प्रमाणपत्रे, त्यांची मुदत संपण्याआधी नूतनीकरण. पॅन. नीती आयोगाच्या दर्पणवर नोंद. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. आणि २०२१ पासून सीएसआर-१ या अर्जाने कंपनी मंत्रालयाकडे मिळणारा क्रमांक. तो नसेल तर कंपनी इच्छा असूनही तुमच्यामार्फत सीएसआरचे काम करू शकत नाही. शिवाय त्याच स्वरूपाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे नव्या संस्थेने पहिली तीन वर्षे गावच्या मुठीवरच काढायची आहेत. मला हा नियम जाचक वाटत नाही. गावाने ज्याला मूठभर दिले नाही त्याला कंपनीने लाखभर का द्यावे?

पण एका कागदाजवळ मी थांबणार आहे, कारण आपल्या भागातल्या पुष्कळ जुन्या संस्था तिथेच अडतात. संस्थेचे न्यासपत्र. शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी जातवार, समाजवार वसतिगृहे काढली. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात त्याला बळ दिले. तिथले दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ चे. त्या काळात ते बरोबर होते, कारण आपापल्या समाजाला गोळा केल्याशिवाय पोरे शहरात राहूच शकत नव्हती. त्या वेळच्या लेखांत 'आमच्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी' असे शब्द आहेत. आज ऐंशी-जीचे कलम सांगते, की संस्था विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी स्थापलेली असेल तर देणगीदाराला करसवलत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्थांचा अपवाद आहे. आणि करसवलतीचा कागद नाही म्हणजे सीएसआर क्रमांकही अडतो.

आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन बाजू पडल्या. एक म्हणाली, चार शब्द बदला, पैसा येईल. दुसरी म्हणाली, आजोबांनी ज्यासाठी जागा दिली ते बदलायचा अधिकार आपल्याला नाही. वयाने मोठे असलेले एक अण्णा म्हणाले, "पैशासाठी बदलायचं असेल तर नको. पोरांसाठी बदलायचं असेल तर मी सही करतो." त्यावर मी हजेरीपट काढला. समाजाची मुले आता गावात, घरीच राहून शिकतात. वसतिगृहातल्या निम्म्या खाटा रिकाम्या, आणि बाहेर ऊसतोडीला गेलेल्यांची पोरे आजीकडे टाकलेली. भाऊरावांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. आम्ही लेख बदलण्याची कायदेशीर वाट धरली. स्वयंपाक आजही शाकाहारीच आहे, सूर्यास्तापूर्वी जेवणाचा आग्रह मात्र आम्ही नव्या मुलांवर धरत नाही. हे बदल वकिलाच्या सल्ल्याशिवाय करू नका, त्याला वेळ लागतो, आणि गावातली एक-दोन घरे तुमच्याशी काही दिवस बोलत नाहीत.

आता प्रत्यक्ष मागणीपत्राकडे येतो. आमच्या शास्त्रात केस घेणे ही निम्मी चिकित्सा. रोगी आत येताच 'डोकेदुखीची गोळी द्या' म्हणतो. आम्ही विचारतो, कधी दुखते, कुठल्या बाजूला, ऊन लागल्यावर वाढते का. शाळांची मागणीपत्रे मी वाचतो तेव्हा त्यांत गोळीच मागितलेली असते. संगणक द्या, प्रोजेक्टर द्या, कुंपण द्या. मुलाला काय येत नाही हे पत्रात कुठेच नसते.

ते शोधणे अवघड नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' ही पाहणी देशभर होते. तिची वाचनाची चाचणी सर्वांना खुली आहे, मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला सांगायचे, पाच मिनिटेही लागत नाहीत. पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत असे ही पाहणी वर्षानुवर्षे दाखवत आली आहे. पण तुम्ही देशाचा आकडा लिहू नका. आपल्या आठ शाळांतला लिहा. त्यासाठी जून-जुलैत चार निवृत्त शिक्षक आणि एक वही पुरे. कंपनीच्या टेबलावर रोज दहा पत्रे येतात, त्यांतल्या एखाद्यातच 'आम्ही मुलांना वाचायला बसवून पाहिले, हे पाहा' असे लिहिलेले असते.

समजा, आठ शाळांत तिसरी ते पाचवीची २४० मुले आहेत आणि तुम्हाला रोज एक तास वाचनवर्ग घ्यायचा आहे. गावातल्याच चार शिकलेल्या मुली, प्रत्येकीकडे दोन शाळा, मानधन महिना ९,००० रुपये. वर्षाचे झाले ४,३२,०००. त्यांचा प्रवास दरमहा प्रत्येकी १,५०० प्रमाणे ७२,०००. प्रत्येक शाळेला १५,००० ची गोष्टीची पुस्तके, म्हणजे १,२०,०००. प्रशिक्षण ४०,०००. चाचण्या आणि छपाई २०,०००. हिशेब आणि लेखापरीक्षण ३६,०००. एकूण ७,२०,०००. मुलामागे वर्षाला ३,००० रुपये, महिन्याला अडीचशे. हे 'महिन्याला अडीचशे' पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते वरच्या साहेबाला तोंडी सांगता आले पाहिजे.

या हिशेबात लोक दोन ठिकाणी कच खातात. एक, मानधन कमी लिहितात. सेवाभावी काम आहे, मुली तीन हजारांवर येतील म्हणतात. येतात, आणि दिवाळीनंतर कापडाच्या दुकानात लागतात. दुसरे, लेखापरीक्षणाचे पैसे लिहीतच नाहीत, कारण कुणीतरी सांगितलेले असते, की सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर चालत नाही. ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. वर्ग घेणाऱ्या ताईचे मानधन हा तर कामाचाच खर्च, तो प्रशासनात धरायचा प्रश्नच नाही. काही अधिकाऱ्यांनाही हे माहीत नसते. त्यांच्याशी वाद घालू नका, नियमाची प्रत नम्रपणे पुढे ठेवा.

पत्र कधी द्यायचे? कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च, आणि तिला वर्षाचा कृती आराखडा मंजूर करावा लागतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास पहिली भेट आणि जानेवारीत पूर्ण प्रस्ताव हे मला सोयीचे वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र उलटे घडते, ते तुम्हाला शोधत येतात. रक्कम शिल्लक असते, वर्ष संपत असते. आपल्या जवळच्याच एका शाळेला असे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पंचवीस टॅबलेट आले. फलक लागला, फोटो निघाला. शाळेत तेव्हा परीक्षा चालू होत्या. जूनमध्ये कपाट उघडले तर चार्जर जोडायला वर्गात एकच पिन, तीही मुख्याध्यापकांच्या पंख्याची. टॅबलेट वाईट नसतात. पण मार्चमध्ये देणारा आला तर त्याला सांगा, की कायद्यात चालू प्रकल्प म्हणून तीन वर्षांपर्यंत काम पुढे नेण्याची सोय आहे, आणि तशी रक्कम वेगळ्या बँकखात्यात ठेवता येते. तुमचा प्रस्ताव तयार असेल तर तो ऐकतो. नसेल तर टॅबलेटच येणार.

कुणाचा पैसा घेऊ नये हाही प्रश्न मला नेहमी विचारतात, विशेषतः निपाणीकडचे लोक. तंबाखू हा त्या भागाच्या पोटाचा धंदा. बिड्या वळणाऱ्या बायकांच्या पैशावर कितीतरी पोरे शिकली, त्या पैशाला मी नावे ठेवणार नाही. पण गुटखा किंवा मद्य विकणाऱ्याचे नाव शाळेच्या भिंतीवर लागू नये, असे माझे मत आहे आणि त्यासाठी आम्ही एकदा चांगली रक्कम सोडली आहे. साखर कारखान्याच्या ताळेबंदात डिस्टिलरीही असते, मग त्याचे काय, असे एकाने भर सभेत विचारले. माझ्या औषधाच्या बाटलीतही अल्कोहोल असते, हे त्याने म्हणायच्या आत मीच म्हटले. रेषा कुठे ओढायची हे प्रत्येक संस्थेने आपल्या बैठकीत, देणारा समोर नसताना ठरवावे आणि इतिवृत्तात लिहून ठेवावे. धनादेश टेबलावर आल्यावर सगळ्यांचीच मते मवाळ होतात.

आणि देणारा काय मागतो तेही वाचून घ्या. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्याच मुलांसाठी असेल तर ते सीएसआर होत नाही. त्यांच्या मालाची जाहिरात मुलांच्या वह्यांवर छापायची असेल तर ते आपणच नाकारावे. मुलांचे चेहरे आणि नावे छापण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. 'अमुक टक्के मुले एका वर्षात वाचू लागतील' असे करारात लिहून मागतात, तिथे सावध राहा. किती मुलांना किती तास शिकवू, किती वेळा तपासू, हे आपल्या हातात आहे, तेवढेच लिहून द्या. मी रोग्यालाही इतक्या दिवसांत बरे करतो असे कधी लिहून दिलेले नाही.

सर्वांत अवघड भाग पैसा आल्यानंतरचा. हे अनुदान संपणार असते. एक वर्ष, फार तर तीन-चार. पुढे कंपनीचा विषय बदलतो, अधिकारी बदलतो, नफाही घटतो. ज्या संस्थांनी कायम शिक्षकांचे पगार अशा पैशावर टाकले त्यांची चौथ्या वर्षी काय दशा झाली ते मी जवळून पाहिले आहे. शिक्षक गेले, वर्ग बंद, आणि पालकांनी मुले इंग्रजी शाळेत घातली ती परत आली नाहीत. मराठी शाळेची पटसंख्या एकदा त्या आकड्याखाली गेली की पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून करार करतानाच कायमचे आणि संपणारे असे दोन भाग पाडा. पुस्तके, प्रशिक्षण, पहिल्या दोन वर्षांचे मानधन हे कंपनीकडून. तिसऱ्या वर्षी मानधनाचा निम्मा वाटा गावाकडून, चौथ्या वर्षी सगळा. वर सांगितलेल्या हिशेबात चार ताईंचे मानधन म्हणजे दरमहा ३६,०००. आठ गावांत वाटले तर गावाला साडेचार हजार. दूध डेअरी, पतसंस्था, माजी विद्यार्थी, एखादे देऊळ, दीडशे घरांत महिन्याला तीस रुपये. मुष्टिफंड तो हाच, आता धान्याऐवजी फोनवरून येतो एवढेच.

आम्ही हे दोन गावांत सुरू केले आहे. एका गावात जमते. दुसऱ्या गावात पहिल्या चार महिन्यांनंतर वर्गणी निम्म्यावर आली. कारण विचारायला आम्ही घरोघर गेलो तेव्हा एका बाईने विचारले, "माझी नात आता वाचते का, ते मला कोण सांगणार?" कंपनीला आम्ही दर तिमाहीला सतरा पानांचा अहवाल पाठवत होतो. त्या घरी एक चिठ्ठीसुद्धा गेली नव्हती. आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ताई शाळेच्या ओसरीवर मुलांना वाचायला लावतात, आया-आज्या ऐकायला येतात. बाकीच्या सहा गावांत दिवाळीनंतर जाणार आहोत. ज्यांना बघायला यायचे असेल त्यांनी कार्यवाहांकडे नाव द्यावे, गाडीत चार जागा आहेत.